मलेरियाच्या जंतूचा उकिरडा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक तरुण मजूर दवाखान्यात आला. गडचिरोलीकडच्या जंगलात कामाला गेला होता. तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप. बरोबरची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गोळ्या दिल्यात याला. गेल्या वर्षी याच्या वडिलांना मलेरिया झाला, त्यातल्या उरल्या होत्या." गोळ्या क्लोरोक्विनच्या. ताप मात्र हटेना. रक्त तपासले, तर फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया निघाला. बापाला लागू पडलेली गोळी मुलाला का पडली नाही? वाचकहो, त्यासाठी या जंतूचे जेवण पाहावे लागेल.

डासाच्या चाव्यातून आलेला हा जंतू आधी यकृतात वाढतो आणि मग रक्तातील तांबड्या पेशींत शिरतो. तेथे हिमोग्लोबिन ठासून भरलेले असते. तेच त्याचे अन्न. फॅल्सिपेरम सुमारे ४८ तासांच्या मुक्कामात पेशीतील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन फस्त करतो आणि पेशी फोडून पिलावळीसह बाहेर पडतो. पेशी फुटल्या की रुग्णाला हुडहुडी भरते. पेशींचा असा नाश होत राहिल्याने तो पांढराफटक पडतो.

पण या मेजवानीत एक विष दडलेले असते. हिमोग्लोबिनमधले प्रथिन जंतू पचवतो. उरतो तो 'हीम' हा लोहयुक्त भाग. सुटा झालेला हीम जंतूची आवरणे जाळतो. आपले शरीर जुन्या पेशींतला हीम मोडून त्याचे पिवळे बिलिरुबिन बनवते आणि पित्तावाटे बाहेर टाकते. जंतूला ही विद्या अवगत नाही. म्हणून तो आपल्या जठरासारख्या पिशवीत हीमचे घट्ट, निरुपद्रवी खडे बनवून साठवतो. या खड्यांना हिमोझोइन म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते तपकिरी-काळ्या कणांसारखे दिसतात.

या उकिरड्यानेच जंतूचा माग दिला. १८८० साली अल्जेरियात लॅव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी रुग्णांच्या रक्तातील काळ्या कणांचा पाठपुरावा करता करता जिवंत जंतू पाहिला. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या भिंतीत तसेच कण असलेल्या पेशी दिसल्या. डास आणि मलेरिया यांचे नाते त्यातून उलगडले.

औषधाचा घावही येथेच बसतो. क्लोरोक्विन जंतूच्या त्या पिशवीत साठते, हीमला चिकटते आणि त्याचे खडे होऊ देत नाही. जंतू स्वतःच्याच उष्ट्याच्या विषाने मरतो. मात्र फॅल्सिपेरमच्या अनेक वाणांनी पिशवीच्या आवरणातील एका प्रथिनात बदल करून औषध बाहेर फेकायची युक्ती साधली आहे. भारतात असा वाण प्रथम १९७३ साली आसामात आढळला. आमच्या मजुराच्या गोळ्या फुकट गेल्या त्या यामुळे. त्याच्या वडिलांना झाला होता व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया. त्यावर आपल्याकडे आजही क्लोरोक्विन चालते.

फॅल्सिपेरमसाठी आता आर्टिमिसिनिन गटातील औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. ते चिनी वनस्पतीतून शोधल्याबद्दल तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. गंमत अशी, की हीममधले लोहच या औषधाला पेटवते आणि जंतूचा घात होतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. थंडीताप आला की आधी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व औषध मोफत आहे. जात कळल्याशिवाय गोळी घेऊ नका आणि ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नका. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स असतो. पण तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा, गर्भवतींनी मुळीच नाही. गुंगी, झटके, धाप किंवा काळसर लघवी दिसली, तर घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठा.

तो तरुण बरा झाला. आणखी दोन दिवस घरी काढले असते, तर ताप मेंदूत जायला वेळ लागला नसता. आईला मी विचारले, "वडिलांच्या गोळ्या उरल्याच कशा?" ती म्हणाली, "ताप उतरला ना, साहेब." आपल्या घराघरांतल्या डब्यांत अशाच उरलेल्या गोळ्या आहेत. आज तो डबा उघडून पाहा.