मेडिटरेनियन राहू दे, मार्गासनी गाठा!

माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वर्षभर एकच वॉलपेपर होता. निळाशार समुद्र, काठावर पांढरी घरं, डोक्यावर एक जुना किल्ला. मेडिटरेनियनच्या काठावरचं कुठलंसं गाव. डिसेंबरात तिकडे जायचं म्हणून मी एक्सेल शीटसुद्धा केली होती! पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी बोट, तिसऱ्या दिवशी डोंगरातली पायवाट... आणि मग काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. प्रोजेक्टची तारीख पुढे सरकली, रजा मागे सरकली आणि शीट रिसायकल बिनमध्ये.

तोंड पाडून जेवायला बसलो, तर बाबांनी ती यादी ऐकून घेतली. "किल्ला, डोंगर, पाणी, जुनं देऊळ आणि चांगलं जेवण, एवढंच ना? मग पासपोर्ट कशाला हवा? मार्गासनीला उतर."

मार्गासनी! पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघायचं, नसरापूरजवळ चेलाडी फाट्याला उजवीकडे वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं, की साधारण ५० किलोमीटरवर हे गाव येतं. सरळ गेलात तर वेल्हे आणि तोरणा. डावीकडे वळलात तर साखर, गुंजवणे आणि समोर राजगड. कॉलेजात असताना बाबा एसटीने इथे उतरायचे आणि पुढे चालत सुटायचे. त्यांच्या तोंडून हे नाव मी लहानपणापासून ऐकलंय. पण मी स्वतः? कोथरूडात जन्म, हिंजवडीत नोकरी आणि राजगड फक्त फोटोत.

"तुम्ही पण चला," मी म्हणालो. बाबा थोडं थांबले. "गुडघे काय म्हणतात बघू." रिटायर होऊन त्यांना तीन वर्षं झालीत. शेवटचे गडावर गेले त्याला वीस वर्षं.

जानेवारीतल्या शनिवारी पहाटे निघालो. पहिला थांबा नसरापूरचं बनेश्वर. झाडीतलं हे शंकराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. इथली घंटा नीट बघा बरं का. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून आलेली ही घंटा. "घे, तुझा युरोप," बाबा हसले.

मार्गासनीच्या फाट्यावर चहा आणि गरम वडापाव. थंडीत हाताला काचेचा ग्लास लावून उभं राहायचं सुख कुठल्याही कॅफेत मिळत नाही. दोन्हीकडे खाचरं, मागे धुक्यात सह्याद्रीची रांग. शिवकाळात हा सगळा मावळ. तोरण्याच्या पायथ्याचं कानंद खोरं आणि राजगडाच्या बाजूचं गुंजण मावळ. दोन्ही खोऱ्यांच्या वेशीवर बसून आपण वड्याबरोबर मिरची चावतोय, हे लक्षात आलं की वडा जास्तच चांगला लागतो!

आता खरी गोष्ट. माझ्या डोक्यात शीट अजून जिवंत होती. साडेसातला गुंजवणे, दहाला चोर दरवाजा, अकराला बालेकिल्ला, एकला सुवेळा माची. गुंजवण्याहून चोर दरवाज्याची वाट अडीच-तीन तासांची, म्हणून मी ती निवडली. जवळची ती चांगली, असा माझा हिशेब. ही वाट अंगावर येणारी आहे, शेवटी खडकात रेलिंग धरून चढावं लागतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. पण मुलाचा उत्साह बघून ते काही बोलले नाहीत. बाप लोकांचं हेच तर असतं.

पहिला तास मजेत गेला. पुढे बाबा मागे पडायला लागले. मी पुढे जाऊन थांबायचो, घड्याळ बघायचो, ते पोचले की लगेच निघायचो. म्हणजे त्यांना विश्रांती शून्य! "चला बाबा, अजून थोडंच राहिलंय," हे मी किमान दहा वेळा म्हणालो असेन. रेलिंगच्या खाली ते एका दगडावर टेकले आणि उजवा गुडघा धरून म्हणाले, "हा आता वाकत नाहीये रे."

चेहरा पांढरा पडला होता. वर चोर दरवाज्याचा बुरूज दिसत होता, खाली सगळी उतरंड. फोनला धड रेंज नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. टीम लीडर माझ्याशी जसा वागतो म्हणून मी रोज घरी येऊन कुरकुर करतो, अगदी तसाच मी बाबांशी वागत होतो.

तिथे ताक-सरबत विकायला बसलेल्या एका मावशींनी बघितलं. काही न विचारता मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी पुढे केलं, जवळची काठी बाबांच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "दादा, गड कुठं पळून जातोय का? वडलांना खाली न्या." पैसे द्यायला गेलो तर फक्त सरबताचे घेतले. "काठी परत येताना आणून द्या."

उतरायला साडेतीन तास लागले. आडवं पाऊल टाकत, काठीवर भार देत, दर दहा मिनिटांनी बसत. गंमत म्हणजे त्या साडेतीन तासांत बाबा जेवढं बोलले, तेवढं गेल्या तीन वर्षांत बोलले नसतील. मित्र, उपाशी काढलेली एक रात्र, आईला लग्नानंतर इथेच आणलं होतं ते! मला हे काहीच माहीत नव्हतं. गाडीत बसताना मात्र गप्प झाले. मग म्हणाले, "बहुतेक तो आता माझ्यासाठी संपला."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. डॉक्टरांना दाखवलं. सूज होती, बाकी धोका नव्हता. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, गुडघ्याला पट्टा आणि डॉक्टरांचा होकार येईपर्यंत चढ बंद. सहा आठवडे बाबा रोज सकाळी जिने चढत होते. मी पण सोबत, कारण खरं सांगायचं तर माझीही दमछाक कमी झाली नव्हती!

होकार मिळाला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा मार्गासनी. तोच चहा, तोच वडा. पण या वेळी वाट बाबांनी निवडली. वेल्ह्याच्या दिशेने पुढे जाऊन पाली दरवाज्याची वाट. ही पायऱ्यांची, रुंद आणि राजगडावरची सगळ्यात सोपी वाट. एरवी तीन तासांची. आम्ही पाच लावले. घड्याळ मी मुद्दाम गाडीत ठेवलं होतं.

पाली दरवाज्यातून आत शिरलो आणि बाबा भिंतीला हात लावून नुसते उभे राहिले. मी काही बोललो नाही. डावीकडे पद्मावती माची, मागे दूरवर पसरलेली संजीवनी, डोक्यावर बालेकिल्ला आणि पलीकडे सुवेळा. मूळचा हा मुरुंबदेवाचा डोंगर. रायगडाच्या आधी स्वराज्याची राजधानी इथे होती, पाव शतकाच्या आसपास. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या १२ किल्ल्यांत हा होता. आग्र्याहून सुटून ते इथेच परतले. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथलाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यातही राजगड आहे.

पद्मावती तळ्याकाठी बसून आम्ही पिठलं-भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. "तू बालेकिल्ल्यावर जाऊन ये. मी इथे बसतो," बाबा म्हणाले. "राहू दे, पुढच्या वेळी," मी म्हणालो. आणि मला खरंच तसंच वाटत होतं.

परतताना मुद्दाम गुंजवण्याला गेलो. मावशी खाली गावात भेटल्या. काठी परत दिली. बाबांकडे बघत म्हणाल्या, "झाला का गड?" बाबा म्हणाले, "झाला." एवढंच.

वॉलपेपर बदललाय. आता तिथे तळं आहे आणि तळ्याकाठी एक म्हातारा भाकरी मोडतोय.

तुम्हीही निघताय? मग हे वाचा!

कसं जाल? स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणारी एसटी मार्गासनीला सोडते. पुढे साखरमार्गे गुंजवण्याला. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

आणखी काय? वेल्ह्याहून तोरणा, म्हणजेच प्रचंडगड. १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. झुंजार आणि बुधला माची चुकवू नका. दम असेल तर तोरणा ते राजगड ही डोंगरधारेवरची वाट आहे, पण माहितगार सोबत हवाच. चढायचं नसेल तर गुंजवणी धरणाचा परिसर. पावसाळ्यात केळदजवळचा मढे घाट आणि तिथला लक्ष्मी धबधबा, कठड्यापासून लांब राहून! तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव याच घाटाने कोकणात नेलं, असं सांगतात.

सॅकमध्ये? माणशी तीन लिटर पाणी, टोपी, विजेरी, चांगल्या पकडीचे बूट. सुवेळा माचीच्या नेढ्यापाशी मधमाश्यांची पोळी असतात. तिथे परफ्यूम, धूर आणि आरडाओरडा बंद. प्लॅस्टिक नेलं तेवढं परत आणायचं. मुक्काम करायचा असेल तर सध्याचे नियम आधी गावात विचारा.

आणि घरात कुणी वीस वर्षांत गडावर गेलं नसेल, तर त्यांनाच वाट निवडू द्या. त्यांना ती तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते!