घोडा घोडा, पण मोठ्यांचा!

शुक्रवारी ऑफिसातून निघताना बॉस विचारतो, 'वीकेंडला काय प्लॅन?' आपण म्हणतो, 'काही नाही, टाइमपास.' समजा कुणी उत्तर दिलं, 'रविवारी घोडा होणार आहे', तर?

हसू नका. पोनी प्ले नावाचा मोठ्यांचा खेळ जगात बऱ्याच ठिकाणी खेळला जातो. एक जण घोडा होतो, दुसरा त्याला चालवतो. कुणासाठी ती रोमान्सची भानगड, कुणासाठी नुसतं डोकं बंद करून धावणं. आठवडाभर निर्णय घेऊन पिकलेल्या माणसाला कुणीतरी 'चल' म्हणावं आणि त्यानं चालावं, यात काय सुख आहे ते टीम लीडर मंडळींना वेगळं सांगायला नको.

आणि हे अगदीच परकं आहे असंही नाही हं. गोव्यात शिमग्याला डिचोली, सत्तरी, पेडणे भागात घोडेमोडणी निघते. मोठे बाप्ये कमरेला लाकडी घोडा बांधतात आणि तलवार परजत ढोल-ताशावर नाचतात. तिथे अर्थ शौर्याचा आहे, पण घोडा अंगावर चढवायला लाज कसली, हे त्या गावांना कुणी शिकवावं लागत नाही.

सामानाचा फंडा

घोड्याचं सामान बघायचं तर सारंगखेडा. म्हसावदहून निघा, शहादा ओलांडा आणि तापीकाठी या. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा सॉलिड बाजार असतो. लगाम, म्होरक्या, झुली, घुंगरांचे पट्टे... हौशी माणसाचा हात खिशाकडे जातोच. पण थांबा! घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाचं लोखंड तिथे हिरडीवर बसतं. आपल्याला ती फटच नाही. लोखंड थेट दातांवर येतं, एक झटका बसला की डेंटिस्टचं बिल.

म्हणून घरीच बनवलेलं बरं. जुन्या सॅकचे रुंद पट्टे छाती-खांद्यांवर, जाड बेल्ट कमरेला, बकल एका हातानं सुटणारं. लगाम खांद्याच्या पट्ट्याला अडकवा, तोंडाला नको. तोंडात काही धरायचंच असेल तर रबर गुंडाळलेली गुळगुळीत दांडी, तीही नुसती दातांत धरलेली, मागे न बांधता. गळ्याभोवती काहीही नाही, अगदी 'दिसायला छान' म्हणूनसुद्धा नाही. तोंड भरलेलं असताना 'थांब' म्हणता येत नाही, तेव्हा घोड्याच्या हातात रुमाल द्या. रुमाल पडला की खेळ बंद. तिथे वाद नाही, 'अजून पाच मिनिटं' नाही.

जागा कुठली?

म्हसावदच्या पुढे तोरणमाळचा घाट चढायला लागला की सातपुड्याचं जंगल बघून मोह होणारच. आवरा. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय ते जंगल रिकामं नसतं. भिल्ल, पावरा पाडे आहेत, मोहफुलं वेचणाऱ्या बाया आहेत, गुरं राखणारी पोरं आहेत. खेळणाऱ्या दोघांची संमती आहे, पण बघणाऱ्यांना कुणी विचारलं? मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

उसाच्या आडोशाचा विचारही नको, या भागात उसात बिबट्या निघतो. ओळखीच्या माणसाची कुंपण घातलेली आमराई मिळाली तर बेस्ट, आणि मालकाला काय चाललंय ते आधी सांगा. जमीन पायी फिरून बघा. काळ्या मातीला उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, टाचा उचलून धावणाऱ्याचा घोटा तिथेच मुरगळतो. मोबाईल गाडीत ठेवा, दोघांचेही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलंय. ऑफिसच्या ग्रुपवर गेलेला फोटो मात्र कोर्टालाही परत आणता येत नाही.

सारंगखेड्याला मी फक्त घुंगरांचा एक पट्टा घेतला. दुकानदारानं आपुलकीनं चौकशी केली, "घोडा कुठला भाऊ, मारवाडी का काठेवाडी?"

म्हटलं, "पुण्याचा."