निळ्या धुळीचं गाणं

आज मी तुम्हाला एका गाण्याची गोष्ट सांगणार आहे. गाणं इंग्रजी आहे, दूर ऑस्ट्रेलिया देशातलं आहे. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या दणक्यात म्हणायचं, ज्याला रॉक म्हणतात त्या प्रकारचं. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? संबंध आहे. नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बाईशी आहे, आणि आपल्या डोक्यावरच्या छपराशीही आहे.

गाण्याचं नाव 'ब्लू स्काय माइन', म्हणजे निळ्या आभाळाची खाण. 'मिडनाइट ऑइल' नावाच्या सिडनीच्या बँडनं ते 1990 साली सिंगल म्हणून काढलं. सिंगल म्हणजे पूर्ण अल्बममधलं एखादं गाणं वेगळं काढून विकायचं आणि रेडिओला वाजवायला द्यायचं. या बँडचा गायक पीटर गॅरेट. उंचच उंच, डोक्याचा गोटा केलेला आणि कायद्याचं शिक्षण घेतलेला माणूस. जमीन, जंगल आणि मूळ रहिवाशांचे हक्क यांवर हा बँड आधीपासूनच गात होता.

ज्या खाणीवरून हे गाणं सुचलं, ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटेनूम गावची. तिथल्या डोंगरात निळा ॲस्बेस्टॉस सापडायचा. ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण त्याचे कापसासारखे तंतू निघतात. जळत नाही, कुजत नाही, म्हणून त्याला मोठी मागणी होती. सिमेंटमध्ये मिसळून त्याचे पत्रे आणि पाइप करत. 1943 पासून ही खाण सीएसआर या मोठ्या साखर कंपनीच्या हाताखालची एक कंपनी चालवत होती. म्हणून तर गाण्यात साखर कंपनीचा उल्लेख येतो.

हे तंतू इतके बारीक, की हवेत तरंगताना डोळ्यांना दिसतही नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात. माणसाला लगेच काही होत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी धाप लागते, छातीत पाणी होतं, फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग होतो. तोवर खाण बंद झालेली असते, मालक बदललेला असतो. कोणाला जाब विचारायचा?

एरिक सेंट नावाच्या डॉक्टरांनी 1948 सालीच या धुळीबद्दल इशारा दिला होता. तरी खाण 1966 पर्यंत चालली. बंद झाली तीही माणसं मरतात म्हणून नाही, तर धंदा परवडेना म्हणून.

आता ऐका, बायांनो. आजारी फक्त खाणीत उतरणारे पडले नाहीत. पुरुष कामावरून धुळीनं माखून यायचे. घरची बाई ते कपडे झटकायची, धुवायची. खाणीतून निघालेला चुरा गावातल्या रस्त्यांवर, अंगणात, मुलांच्या खेळायच्या जागेत पसरलेला. मुलं त्यातच खेळायची. ज्यांनी खाणीत कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, अशा बायकांना आणि मुलांनाही पुढे तोच कर्करोग झाला. विटेनूमच्या धुळीनं कामगार आणि रहिवासी मिळून 2,000 हून जास्त माणसं गेली, असं सांगतात.

ही गोष्ट एका दिवसात बाहेर आली नाही. 1978 साली कॅथरीन मार्टिन या महिला पत्रकारानं वर्तमानपत्रात लेखमाला लिहून ती लोकांसमोर मांडली. आजारी कामगार कोर्टात गेले. 1988 साली कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. आणि 1990 मध्ये हे गाणं आलं. पोटासाठी खाणीत जाणारा, मालकावर विसंबलेला आणि शेवटी आपल्याला वाली कोण म्हणून विचारणारा एक कामगार या गाण्यात बोलतो. अमेरिकेतल्या रॉक गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. ज्यांनी विटेनूमचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्या ओठांवर तिथल्या कामगाराचं दुःख आलं.

त्याच वर्षी 30 मे रोजी हा बँड न्यूयॉर्कला गेला. त्याआधी 1989 साली एक्सॉन कंपनीचं तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याला खडकावर आदळलं होतं. सुमारे 4 कोटी लिटर तेल समुद्रात सांडलं, पक्षी आणि मासे तडफडून मेले. बँडनं त्या कंपनीच्या इमारतीसमोर भर रस्त्यात ट्रक उभा केला आणि ट्रकवरूनच गाणी म्हटली. गॅरेट पुढे 2004 साली खासदार झाले आणि 2007 साली देशाचे पर्यावरणमंत्री.

पण मैत्रिणींनो, गाण्यानं धूळ खाली बसत नाही. विटेनूमचं नाव 2007 साली सरकारी यादीतून काढलं गेलं. चुऱ्याचे ढीग मात्र तिथेच राहिले, त्या जमिनीवर आता राहता येत नाही. 2003 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियानं सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस परदेशातून येतो आणि सिमेंटच्या पत्र्यात वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ॲस्बेस्टॉस कोणताही असो, त्यानं कर्करोग होतो.

म्हणून काही गोष्टी गाठीला बांधून ठेवा. छपराचा पत्रा धड असेल तर घाबरून जाऊ नका, तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात. धोका तो कापताना, भोक पाडताना, फोडताना आणि झिजल्यावर असतो. असं काम करावंच लागलं तर पत्रा ओला करा, तोंडाला नीट बसणारा मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. पडलेला चुरा कोरड्या झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. ते फडकं आणि कामाचे कपडे झटकू नका. कपडे भिजवून वेगळे धुवा. फुटक्या पत्र्याचे तुकडे कुटून अंगणात किंवा वाटेवर भर म्हणून टाकू नका. ओले करून जाड पिशवीत बांधा आणि कुठे टाकायचे ते ग्रामपंचायतीला विचारा. नवं छप्पर घेताना दुकानदाराला सरळ विचारा, यात ॲस्बेस्टॉस आहे का? बिनॲस्बेस्टॉसचे पत्रेही मिळतात.

घरातलं किंवा गटातलं कोणी पत्र्याच्या कारखान्यात, जहाज तोडायच्या किंवा जुनी बांधकामं पाडायच्या कामावर जात असेल, तर कामाचे कपडे तिथेच बदलून यायला सांगा. दम लागत असेल तर डॉक्टरांना जुन्या कामाची माहिती द्या, काम सुटून वीस वर्षं झाली असली तरीही. विटेनूमच्या बायकांना हे वेळेवर कोणी सांगितलं नाही. आपल्याला आता माहीत झालंय. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटण्याआधी दहा मिनिटं या विषयाला द्या.