बंदूक, परवाना आणि घराचा पत्ता

भातसानगरच्या धरण वसाहतीतून किंवा आसपासच्या गावांतून कल्याण-ठाण्याला बिऱ्हाड हलवताना परवान्याची बंदूक गोधडीत गुंडाळून टेम्पोत टाकली तरी चालते, असा अनेकांचा समज असतो. तसे चालत नाही. पीकसंरक्षणासाठी (रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी) घेतलेली बंदूक वर्षानुवर्षे घरात असली की ती कोयत्या-विळ्यासारखीच वाटू लागते, हे खरे.

पण शस्त्रपरवाना (1959 च्या शस्त्र अधिनियमाखालची लेखी परवानगी) ठरावीक व्यक्तीला मिळतो आणि त्यावर पत्ता नोंदलेला असतो. गॅसजोडणीसारखेच हे. नुसता सिलिंडर उचलून नेला म्हणून जोडणी नव्या घरी जात नाही. शहापूर-मुरबाडकडे परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळतो, कल्याण-ठाण्यात पोलीस आयुक्तालयाकडून. त्यामुळे मुक्काम बदलल्यावर 30 दिवसांच्या आत दोन्हीकडे कळवावे लागते.

बंदूक हमालाच्या हाती देऊ नका. नळी रिकामी आहे ना, हे स्वतः पाहा. ठासणीची असेल तर गज आत सोडून. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. सामान लागेपर्यंत घरात माणसांची ये-जा असते. त्यापेक्षा बंदूक तेवढ्या दिवसांसाठी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती जपून ठेवावी. निवडणुकीच्या वेळी अनेकांनी हे केलेलेच आहे.