टॅब पीएचडीइतका टिकेल का?

पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास पडतो: टॅब घ्यावा का, आणि घेतला तर कुठला? यावर व्हिडिओ ढिगाने आहेत, पण बहुतेक सगळे नव्या टॅबच्या पहिल्या आठवड्याबद्दल बोलतात. तुम्हाला उत्तर हवं असतं ते पाचव्या वर्षाचं.

आधी साधा हिशोब. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीचा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. म्हणजे २५-३० हजारांचा टॅब हा एका महिन्याच्या फेलोशिपचा बराच मोठा घास. फेलोशिप अजून लागलेलीच नसेल तर तो पैसा घरून येतो. दर दोन वर्षांनी नवा घेणं आपल्यापैकी बहुतेकांना जमणार नाही. म्हणून टॅबमध्ये नेमकं काय जुनं होतं, हे समजून घेऊ. त्यात तीन वेगवेगळी घड्याळं चालू असतात.

पहिलं घड्याळ: बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन धातूच्या ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. (याच बॅटरीच्या विकासासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं.) ग्राफाइटवर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर तयार होतो, त्याला एसईआय म्हणतात. तो थर गरजेचा आहे, ग्राफाइटचं रक्षण तोच करतो. पण तो हळूहळू जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम खातो. त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. क्षमता कमी होण्याचं हे एक मुख्य कारण.

ही क्रिया टॅब कपाटात पडून असला तरी चालते. दोन गोष्टी तिचा वेग वाढवतात: उष्णता आणि बराच वेळ १०० टक्के चार्ज. ॲपल आणि सॅमसंग दोघेही वापरासाठी ३५ अंश सेल्सिअसची मर्यादा सांगतात. विदर्भात मे महिन्यात पंख्याखालची खोलीसुद्धा ती ओलांडते! म्हणून उशीवर ठेवून चार्जिंग नको, गाडीच्या डिकीत टॅब नको. ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सेटिंग असेल तर चालू करा. फील्डवर्कला जायच्या आदल्या रात्री पूर्ण भरायला हरकत नाही.

बॅटरी किती उरली, हे स्वतः मोजता येतं. टॅब नवा असतानाच करा, कारण नंतर तुलनेला आधार राहत नाही. एअरप्लेन मोड, ठरावीक ब्राइटनेस, तीच पीडीएफ, आणि तीन तासांत किती टक्के उतरले ते लिहून ठेवा. एकच तास का नाही? आकडा एक-एक टक्क्याने बदलतो. तासात १० टक्के उतरले तर एका टक्क्याची चूक म्हणजे १० टक्के चूक. तीन तासांत ३० उतरले तर तीच चूक साधारण ३ टक्क्यांवर येते. समजा दोन वर्षांनी त्याच कामाला ३६ टक्के लागले, तर ३० भागिले ३६, म्हणजे क्षमता अंदाजे ८३ टक्के उरली.

पण थांबा. मधल्या काळात ॲप अपडेट होऊन तेच जास्त बॅटरी खात असेल तर? मग दोन कारणं एका आकड्यात मिसळली. कन्फाउंडिंग म्हणतात ते हेच. उद्या प्रयोगशाळेत किंवा सर्वेक्षणात हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटेल.

दुसरं घड्याळ: साठवण

"टॅब स्लो झाला" या तक्रारीमागे पुष्कळदा भरलेली मेमरी असते. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. लिहिणं छोट्या पानांत होतं, पुसणं मात्र मोठ्या ब्लॉकमध्ये. रिकामी जागा कमी उरली की कंट्रोलरला कामाचा डेटा इकडून तिकडे हलवून ब्लॉक मोकळे करावे लागतात, आणि तुमचं काम तेवढं रखडतं. शोधगंगेवरून उतरवलेले स्कॅन केलेले प्रबंध खूप जागा खातात. वाचून झालेले लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर हलवा. साधारण पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तिसरं घड्याळ: सॉफ्टवेअर

हे घड्याळ तुमच्या हातात नाही. २०२० मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट घ्या. तो अँड्रॉइड १० सह आला आणि त्याला अपडेट्स अँड्रॉइड १३ पर्यंत मिळाली. या किमतीत हे वाईट नाही. पण त्या वर्षी पीएचडी सुरू करून सहा वर्षं घेणाऱ्याचा प्रबंध त्यानंतरही चालूच असणार. म्हणून विकत घेताना रॅमच्या आधी "सिक्युरिटी अपडेट किती वर्षं?" हे विचारा. आणि ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये स्वस्त मिळणाऱ्या जुन्या मॉडेलचा खरा हिशोब इथे कळतो.

अपडेट थांबली म्हणून टॅब भंगारात जात नाही. बँकेचं ॲप, यूपीआय आणि मुख्य ईमेल त्यावरून काढा. वाचणं आणि लिहिणं एवढ्यापुरता तो पुढेही चालतो.

जे जुनं होत नाही

पडद्याचा आकार पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच पाचव्या वर्षी. म्हणून तो आधी तपासा. याच टॅबचा १०.४ इंची पडदा उभा धरला तर रुंदी साधारण १३६ मिलिमीटर भरते. ए४ पान २१० मिलिमीटर रुंद. पूर्ण पान दाखवलं की १० पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटचं दिसतं. रोज चार तास असं वाचलं तर डोळे कुरकुरणारच. दोन्ही बाजूंचे २५ मिलिमीटर समास कापले तर तेच अक्षर साडेआठ पॉइंट होतं. टॅब आडवा धरला तर १४ पॉइंटपर्यंत जातं, फक्त पान सरकवत वाचावं लागतं. समास कापणारं ॲप वापरणं हा यातला सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

आणि खरा धोका

टॅब बंद पडला तर नुकसान २८ हजारांचं. त्यातल्या नोट्स गेल्या तर नुकसान तीन वर्षांचं. हाताने लिहिलेल्या नोट्स बरीच ॲप्स स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये ठेवतात. ते ॲप बंद झालं किंवा तुम्ही दुसऱ्या कंपनीचा टॅब घेतला, की फाइल असूनही उघडत नाही. पहिल्या वर्षी एखादी पद्धत का निवडली, हे व्हायवात विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर त्याच नोट्समध्ये असतं.

म्हणून दर शनिवारी तीन कामं करा. आठवड्याच्या नोट्स पीडीएफ करून बाहेर काढा. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, म्हणजे २०२५-०७-१२ असं, की क्रम आपोआप लागतो. आणि एका टाइप केलेल्या यादीत त्या फाइलमध्ये काय आहे ते एका ओळीत लिहा, कारण हस्ताक्षराची पीडीएफ म्हणजे बहुतेक वेळा नुसतं चित्र, त्यात शब्द शोधता येत नाही. झोटेरो वापरत असाल तर त्याची मोफत साठवण ३०० एमबीच आहे हेही ध्यानात असू द्या. संदर्भांना ती पुरते, पीडीएफना नाही.

महिन्यातून एकदा यातली एखादी जुनी फाइल मित्राच्या लॅपटॉपवर उघडून बघा. ती उघडली आणि वाचता आली, तरच तिला बॅकअप म्हणायचं. मग टॅब चौथ्या वर्षी गेला तरी प्रबंधाचं काही अडणार नाही.