सोन्याचे कण आणि क्ष-किरण

जर्मनीतील वुर्झबर्ग नगरीत 1895 साली विल्हेल्म राँटजेन या शास्त्रज्ञाने आपल्या पत्नीच्या हाताचे एक विलक्षण छायाचित्र घेतले. त्यात हाडे स्पष्ट दिसत होती. पण त्याहूनही गडद उमटली होती ती बोटातली अंगठी. मांस मात्र फिकट सावलीसारखे दिसत होते. क्ष-किरण मांसातून सहज पार जातात, हाडात काहीसे अडतात आणि जड धातूपुढे तर त्यांचे फारसे चालत नाही, हे त्या एकाच चित्राने दाखवून दिले.

मग जठर, आतडी, रक्तवाहिन्या या मऊ अवयवांची चित्रे कशी मिळावीत? वॉल्टर कॅनन या अमेरिकन वैद्यकाच्या विद्यार्थ्याने मांजराच्या अन्नात बिस्मथ या जड धातूचा क्षार मिसळला आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने जठराची हालचाल पाहिली. हे निरीक्षण 1898 साली प्रसिद्ध झाले.

खाल्लेला क्षार आतड्यावाटे निघून जातो. रक्तात सोडलेल्या धातूस तशी वाट सापडेलच असे नाही. 1930 च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य रक्तात टोचण्यात येऊ लागले. त्यात थोरियम या धातूच्या ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण असत. चित्रे सुरेख येत आणि रुग्णास त्या वेळी विशेष त्रासही होत नसे. त्यामुळे वैद्य हरखून गेले. परंतु थोरियम किरणोत्सारी आहे. ते कण यकृतात व प्लीहेत जाऊन बसले, ते कायमचेच. वीस-तीस वर्षांनी कित्येकांना यकृताचा कर्करोग जडला. पुढे त्याचा वापर थांबला खरा. पण ज्यांच्या देहात ते कण आधीच शिरले होते, त्यांच्यासाठी काहीच उपाय उरला नव्हता.

आज रक्तवाहिन्यांच्या चित्रासाठी आयोडीनयुक्त द्रव टोचतात. तो मूत्रावाटे इतका लवकर बाहेर पडतो, की चित्रणास थोडाच अवधी मिळतो. म्हणून संशोधकांची दृष्टी सोन्याकडे वळली. सोने गंजत नाही, किरणोत्सारी नाही, आणि त्याचे अणू आयोडीनच्या अणूंहून पुष्कळ जड असतात. 2006 साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या रक्तात सोन्याचे कण सोडल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक कण सुमारे 1.9 नॅनोमीटरचा होता. एका मिलिमीटराचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर! (वीसएक नॅनोमीटरचे सुवर्णकण पाण्यात असले, तर ते पाणी पिवळे नव्हे, माणकासारखे लाल दिसते.) उंदरांच्या रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसल्या आणि मूत्रपिंडे ते कण गाळून बाहेर टाकू लागली.

कण सहाएक नॅनोमीटरहून मोठा झाला, तर मात्र तो मूत्रपिंडाच्या गाळणीतून सुटत नाही; बहुधा यकृतच त्याला धरून ठेवते. म्हणून प्रयोगशाळांत चित्र किती स्पष्ट आले एवढेच पाहत नाहीत. देहात सोडलेल्या सोन्यापैकी किती बाहेर आले, तेही काटेकोरपणे मोजतात.