टोमॅटो सॉस : बाटलीतला आणि घरचा

रक्तदाबाच्या रुग्णाला आहाराविषयी विचारले, की ‘लोणचे-पापड केव्हाच सोडले’ असे उत्तर हमखास येते. मात्र पोळी, भजी, ऑम्लेट यांच्याबरोबर घेतलेला सॉस कोणी मोजतच नाही. बाजारातल्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ एक लहान चमचा साखर असते, शिवाय मीठही बरेच असते. गोड-आंबट चवीमुळे हा खारटपणा जिभेला कळत नाही. मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि डब्यात रोज सॉस नेणारी मुले, या तिघांनी म्हणूनच जपावे.

सॉस पूर्ण बंद करा असे मी सांगत नाही. टोमॅटो शिजवल्याने त्यातले ‘क’ जीवनसत्त्व काहीसे कमी होते, हे खरे. पण त्याला लाल रंग देणारे लायकोपीन शिजवल्यावर, थोड्या तेलाच्या सोबतीने, शरीरात अधिक शोषले जाते. तेव्हा सॉस घरीच करावा.

एक किलो पिकलेले, घट्ट, लाल टोमॅटो घ्यावेत. डागाळलेले किंवा बुरशी आलेले स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. धुऊन उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवावेत व साले काढून चिरावेत. स्टीलच्या पातेल्यात दोन लहान चमचे तेलावर एक कांदा व चार-पाच लसूण पाकळ्या परतून त्यात टोमॅटो घालावेत. झाकण न ठेवता अर्धा-पाऊण तास मंद आचेवर शिजवावे. निवल्यावर मिक्सरमधून काढून गाळावे. मग अर्धा लहान चमचा मीठ, दोन लहान चमचे साखर व दोन लहान चमचे व्हिनेगर घालून पुन्हा आटवावे. बशीत थेंब टाकल्यावर भोवती पाणी सुटले नाही, की सॉस झाला. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे भांडे वापरू नये. आंबटामुळे धातू पदार्थात उतरतो.

या सॉसमध्ये टिकवण्यासाठी घातलेले रसायन नसते आणि साखर-मीठही बेताचे असते. म्हणून तो टिकत नाही. काचेची बाटली पाण्यात दहा मिनिटे उकळून कोरडी करावी, सॉस भरून फ्रिजमध्ये ठेवावा व आठवड्यात संपवावा. चमचा कोरडा असावा. घट्ट झाकणाची बाटली महिनोन्‌महिने बाहेर ठेवण्याचा प्रयोग घरी करू नये. त्यातून घातक विषबाधा होऊ शकते. बुरशी दिसली, फेस आला किंवा झाकण फुगले, तर चव न पाहता सगळा सॉस फेकावा. वरचा थर काढून उरलेला वापरणे धोक्याचे आहे. फ्रिज नसेल त्यांनी पाव किलोचाच करून त्याच दिवशी संपवावा.

‘टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो ना?’ असे पुष्कळजण विचारतात. बियांचा खडा होत नाही. लघवीतील क्षार साचून तो होतो आणि पाणी कमी पिणे हे त्याचे मोठे कारण आहे. मात्र मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॉस घेऊ नये, कारण आटवलेल्या टोमॅटोत पोटॅशियम बरेच असते. छातीत जळजळ होणाऱ्यांनी तो रात्री टाळावा.

आणि घरचा झाला म्हणून वाटीभर खाऊ नये. एक-दोन चमचे पुरेत!